देगेची कलई आणि नायट्याची कॅप्सूल

आमच्या मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त मागितली जाणारी गोळी बहुधा कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेली नसते. चिठ्ठीवरची औषधं काउंटरवर येतात, पिशवीत जातात, माणूस पायरी उतरतो आणि तिथून मान वळवून म्हणतो, "अन् एक गॅसची द्या." ताप असो, गुडघा असो, दाढ काढलेली असो. गोळ्या 'गरम पडतात', म्हणून आधी गॅसची गोळी पोटात पाठवायची आणि तिनं जागा करून ठेवली की बाकीच्यांना आत घ्यायचं, अशी नांदेडपासून लातूरपर्यंतची रीत आहे. कुणी घालून दिली, माहीत नाही. न पाळणारा माणूस मी पाहिलेला नाही.

गॅसची गोळी म्हणजे जठरात तयार होणारं आम्ल कमी करणारी गोळी. ज्याला अल्सर आहे, ज्याची छाती खरोखर जळते, त्याला ती लागते आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यानं ती सोडू नये. हे वाक्य मी आता पत्रकात सगळ्यात आधी लिहिते. पूर्वी लिहीत नव्हते. पूर्वी मी उद्गारचिन्हानं सुरुवात करायचे.

त्याचं कारण घरचं आहे. मी देगलूरची. आमचे अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. बुवाबाजीविरुद्ध, गुटख्याविरुद्ध, नळाला न येणाऱ्या पाण्याविरुद्ध. तीन भाषांच्या गावात राहत असल्यामुळे एकच पत्रक तिन्ही भाषांत निघायचं आणि तिन्ही भाषांतली माणसं ते तितक्याच मनापासून भजी बांधायला वापरायची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. वाक्य पूर्णविरामानंही संपू शकतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

फार्मसी झाल्यावर पहिली नोकरी नांदेडला, एका मोठ्या दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये मिळाली. तिथं एक सून सासूला घेऊन आली. सासूला खरंच अल्सर होता आणि डॉक्टरांनी गॅसची गोळी लिहून दिली होती. गुण मात्र येत नव्हता. मी विचारलं, गोळी कशी देता? सून म्हणाली, "गिळता येत न्हाई ओ त्यान्ला. खलबत्त्यात कुटते अन् लिंबाच्या सरबतात देते."

मी सांगितलं की ती गोळी कुटायची नसते. तिच्यावर एक पातळ कवच असतं. आतलं औषध आम्लात टिकत नाही, म्हणून त्याला कवच घालून जठरातून पुढं पाठवतात आणि आतड्यात पोचल्यावर ते कवच सुटतं. तुम्ही आधी कवच फोडता आणि वर लिंबू पिळता.

सून विचारात पडली. "म्हंजे ज्याच्याशी भांडायला धाडली, त्यालाच ती भिती व्हय?"

"तोंडावर गाठ पडली तर, हो."

"आमच्या मालकावानीच हाय की गोळी."

बाकावर बसलेल्या सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. पोटात दुखणाऱ्या माणसाकडे इतकी धारदार नजर असू शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. डॉक्टरांनी गोळीऐवजी दुसरी सोय करून दिली आणि दोघी गेल्या. मात्र मला एक गोष्ट पक्की समजली. कॉलेजात आम्ल हा एका समीकरणाचा भाग होता. काउंटरवर तो एक पत्ता असतो. औषध कुठं सुटायचं आणि कुठं नाही, हे त्याच्यावर ठरतं.

आता थोडं साध्या भाषेत. गोळी गिळली म्हणजे औषध अंगात गेलं, असं होत नाही. आधी ती पोटातल्या पाण्यात विरघळली पाहिजे आणि मग आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरली पाहिजे. विरघळलीच नाही, तर ती पाहुण्यासारखी येते, फिरते आणि चहाही न घेता निघून जाते. काही औषधं अशी असतात की त्यांना विरघळायला कडक आंबट पाणीच लागतं. असं पाणी जठरात असतं, चांगलं लिंबाइतकं किंवा त्याहून आंबट. पुढं आतड्यात ते आंबटपण उरत नाही. म्हणजे जठरात विरघळायची संधी हुकली की हुकली. गंमत अशी की आम्लात औषध ज्या रूपात विरघळतं, त्या रूपात ते भिंत सहज ओलांडत नाही. ओलांडायला त्याला पुन्हा रूप बदलावं लागतं, आणि तेवढा बदल आतडं करून देतं. निसर्गानं दोन खोल्यांची सोय करून ठेवली आहे. आपण गॅसच्या गोळीनं पहिल्या खोलीला कुलूप लावतो आणि दुसरीत पोचलेलं काही का नाही, म्हणून मेडिकलवाल्याला शिव्या देतो.

पुढं मी लातुरात दवाखान्यांच्या गल्लीत स्वतःचं मेडिकल टाकलं आणि पहिल्याच वर्षी पत्रक काढलं. मथळा होता, 'गॅसची गोळी ही कंपन्यांची खंडणी आहे!' खाली आणखी बरंच होतं. कंपन्या, नफा, जाहिराती, आपली गुलामी. अण्णांनी फोनवर वाचून घेतलं आणि "मथळा चांगला आहे" म्हणाले. आमच्या घरात याहून मोठं कौतुक नाही. प्रत्येक पिशवीत एक पत्रक जायला लागलं. लोक घरी जाऊन वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मेडिकलमधून गॅसची गोळी घ्यायचे.

अशा दिवसांत सत्तारभाई आले.

सत्तारभाई औशाचे बावर्ची. लग्नातला स्वयंपाक करणारं हे घराणं. आजोबांपासून औसा, लातूर, किल्लारीपर्यंतच्या लग्नांत यांच्याच देगा, म्हणजे पंगतीची मोठाली पातेली, चढत आलेल्या. साठीच्या आतबाहेरचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभा असलेला माणूस आपल्यालाच हाक मारली समजून वळावा. भट्टीसमोर दिवसभर उभं राहायचं, घाम, ओली लुंगी, ओल्या बाह्या. त्यामुळे कमरेला आणि दोन्ही हातांना नायटा झालेला. तोही साधा नाही. आधी कुणीतरी दिलेलं तीन औषधांचं मिश्रण असलेलं मलम फासून फासून चांगला पसरलेला. शेवटी आमच्या गल्लीतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून पोटातून घ्यायची कॅप्सूल सुरू केली. इट्राकोनॅझोल तिचं नाव. सत्तारभाई ती माझ्याकडूनच नेत होते.

महिना उलटून गेल्यावर एका सकाळी ते दुकानात आले आणि दोन्ही बाह्या वर सरकवून त्यांनी हात काउंटरवर ठेवले. लालसर कडांची चकंदळं मनगटापासून कोपरापर्यंत जशीच्या तशी होती.

"मॅडम, माल असली हाय का डुप्लिकेट?"

दुकानात गर्दी होती. सगळ्यांच्या माना काउंटरकडे वळल्या.

"सत्तारभाई, आपल्याकडं डुप्लिकेट नसतं."

"मंग हे काय हाय? मी काय हौसेनं दाखवून राहिलो का? करीमसेठच्या पोरीचं लगन हाय बकरी ईदीनंतर. माझ्या बापानं सेठच्या बापाच्या लग्नात देग चढवली व्हती. अन् परवा सेठ मला काय म्हणला? म्हणला, भाई, हात बरे झाले तर ठीक, न्हाई तर नांदेडचा बावर्ची सांगून ठेवलाय. माझ्या हाताकडं बघून राहिला अन् बोलून राहिला. तोंडाकडं बघंना."

"हातमोजे घालून..." गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

सत्तारभाई सावकाश वळले. "तू बायकोला हातमोजे घालून मेंदी लावतो का रे?" मग माझ्याकडे, "मसाला हाताला कळतो, मॅडम. गोश्ताला दही लागलं का न्हाई, ते बोटाला कळतं. रबराला काय कळतंय?"

आता मला खरं सांगितलं पाहिजे की क्षणभर मला आनंदच झाला. नकली औषध! हा शत्रू मला लहानपणापासून ओळखीचा होता, त्याच्याविरुद्धची निम्मी पत्रकं मला पाठ होती. मी त्याच दुपारी स्टॉकिस्टला फोन लावून बॅचबद्दल विचारलं. एक पाकीट औषध खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांना द्यायला बाजूला ठेवलं. मथळासुद्धा सुचला. अण्णा म्हणाले, "काढ पत्रक. कागद मी पाठवतो."

पण त्याच खोक्यातली कॅप्सूल घेणारी एक शिक्षिका त्याच आठवड्यात आली आणि मानेवरचा पदर बाजूला करून दाखवू लागली. नायटा जवळजवळ गेलेला. मग आमच्याच बाजूचा रसवंतीवाला आला, तोही बरा. त्याच्या पाकिटावरही तोच बॅच नंबर. एकाच खोक्यातल्या कॅप्सूल दोघांना असली आणि सत्तारभाईंना नकली, असं होत नाही. मथळा वाया गेला. खोट सत्तारभाईंचं तोंड आणि पोट यांच्या मधे कुठंतरी होती.

मी त्यांना बोलावून घेतलं आणि बाकावर बसवलं.

"गॅसची गोळी घेता का?"

ते दुखावले. "तुमचं पत्रक पोरीकडनं वाचून घेतलं मी. दोनदा. त्या दिवसापासून कंपनीची गोळी हराम. आख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं." कुणीतरी माझं पत्रक वाचून ऐकलंही होतं, हे कळल्यावर मला पुढचा प्रश्न आठवेना.

"बरं. कॅप्सूल जेवल्यावर घेता ना? डॉक्टरीणबाईंनी भरल्या पोटी सांगितलीय."

"जेवल्यावरच."

"दुपारी काय जेवता?"

"मी?" सत्तारभाई हसले. "मॅडम, बावर्ची कधी जेवतो का? सकाळपासून चमचा तोंडात असतो. इथली चव, तिथली चव. वासानंच पोट भरतं. ते जेवणच हाय की."

"आणि कॅप्सूल कशी घेता? दाखवा."

त्यांनी कॅप्सूल काढली. मग कुर्त्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या पाण्याच्या पेल्यात त्यातली पांढरी चिमूट टाकून बोटानं ढवळली.

"हे काय?"

"खायचा सोडा."

"सोडा कशाला?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू एखाद्या नव्या सुनेनं मीठ कशाला म्हणून विचारलंय. "गळायला. हरभरा शिजंना तर काय टाकतात? सोडा. राजमा, पाये, समदं सोड्यानं गळतं. कॅप्सूल कडक हाय, पोटात गळली पायजे म्हणून मी टाकतो. कंपनीचा माल न्हाई, किराण्यातला हाय. पत्रकात काय लिवलं तुम्ही? घरची चीज वापरा."

पत्रकात तसं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत, उद्गारचिन्हासकट.

मी समजावायला सुरुवात केली. पोटात आम्ल असतं, सोडा ते मारतो, ही कॅप्सूल आम्लाशिवाय विरघळत नाही. गॅसच्या गोळीनं जे होतं, तेच तुम्ही सोड्यानं करताय. मी कागदावर जठर काढलं. सत्तारभाईंनी जठराकडे आदरानं पाहिलं आणि मान हलवली.

"न्हाई मॅडम. तुम्ही शिकलेल्या हाव, पण हे तुम्ही उलटं सांगून राहिल्या. खटाईत काहीच गळत न्हाई. डाळीत चिंच आधी पडली तर डाळ जन्मात शिजत न्हाई. आलू टमाट्यात टाका, दगड ऱ्हातो. खटाई शेवटी टाकायची, हे माझ्या आजानं माझ्या बापाला पळीनं मारून शिकवलं."

यात एक शब्दही चुकीचा नव्हता. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून त्यांच्या कानाला दिला. बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. सत्तारभाई "हाव, हाव" म्हणत राहिले, फोन परत दिला आणि मला म्हणाले, "लई चांगल्या हायेत. पण सैपाक करत नसतील."

मी हरले होते. समोरच्या माणसाकडे आयुष्यभराचा अनुभव होता आणि तो त्या कॅप्सूलच्या नेमका विरुद्ध दिशेला तोंड करून उभा होता. करीमसेठच्या दारात मात्र नांदेडचा बावर्ची येऊन उभा राहणार होता. मी उगाच बाहेर बघत बसले. समोरच्या फुटपाथवर कलईवाला भाता मारत होता. आता एकच उरलाय तो. महिन्यातून एकदा येतो.

"सत्तारभाई, तुमच्या देगा तांब्याच्या ना?"

"आजाच्या."

"एखाद्या देगेची कलई उडाली असली, तर तिच्यात खट्टी डाळ ठेवाल?"

"तौबा करा! कळकल ना. समदी वरात उलट्या करल."

"का कळकते?"

"तांबं उतरतं डाळीत."

"तांबं तर डाळीपेक्षा कडक. ते कसं उतरतं?"

"खटाई उतरवती ना त्याला. चिंच लावूनच तर देग घासतो आपुन, काळं समदं निघून..." बोलता बोलता ते थांबले.

"आणि त्याच देगेत सोड्याच्या पाण्यात हरभरे भिजवले तर? तसं कळकतं?"

सत्तारभाई पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले, मग कॅप्सूलकडे. बाहेर कलईवाल्यानं तापल्या भांड्यात नवसागर टाकला आणि पांढरा धूर निघाला.

"म्हंजे," ते अगदी हळू म्हणाले, त्यांच्या मानानं, "ही दवा डाळीवानी न्हाई. तांब्यावानी हाय."

फार्मसीच्या चार वर्षांत मला कुणी इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं. पण मी मान हलवून तोंड गंभीर ठेवलं, कारण त्यांचं तोंड फार पडलं होतं. ते उठले, पेला बाहेर नेऊन गटारीत ओतला, पुडीही टाकली आणि आत येऊन म्हणाले, "महिनाभर मी तांबं सोड्यात उकळून राहिलो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा तपासलं आणि कॅप्सूल नव्यानं सुरू केली. सोडा बंद, पोटभर जेवण झाल्याबरोबर कॅप्सूल, कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात. यातलं सगळ्यात अवघड पथ्य होतं ते बावर्च्याला ताटावर बसवणं. सत्तारभाईंनी यावर स्वतःच उपाय काढला. रोज दुपारी माझ्या फोनवर भरल्या ताटाचा फोटो येऊ लागला. थोड्या वेळानं रिकाम्या ताटाचा. मग कॅप्सूलच्या फोडलेल्या खळग्याचा. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना बिर्याणीचा फोटो बघायची मला सवय लागली. कधी उशीर झाला तर मीच विचारायचे, "आज काय?" खोटं बोलत नाही, ते अंशतः वैद्यकीय कारणासाठी होतं.

दरम्यान ही गोष्ट मोहल्ल्यात पोचली, पण माझ्या शब्दांत नाही. गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन विचारू लागली, "ही डाळीवाली हाय का तांब्यावाली?" मी सांगायचे, ही दोन्हींतली नाही, कशीही घ्या, ही उपाशीपोटी, हिला कवच आहे, कुटू नका. एकदा सत्तारभाईंच्या बेगम थायरॉइडची, उपाशीपोटी साध्या पाण्यानं घ्यायची गोळी चिंचेच्या पाण्याबरोबर घेऊ लागल्याचं कळलं, तेव्हा मी समोरचं गिऱ्हाईक तसंच ठेवून औशाला फोन केला. शहाणपणही औषधासारखंच असतं, कुठं जाऊन कसं विरघळेल ते पिशवीत घालताना कळत नाही.

मी नवं पत्रक लिहिलं. त्यात कंपन्या होत्याच. त्यांना मी सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. पण या वेळी निम्मं पान जठराला दिलं आणि कोणती गोळी कुणाला विचारून थांबवायची, तेही लिहिलं. अण्णांनी फोनवर ऐकलं.

"मथळा?"

"'गोळी घेण्याआधी विचारा.'"

"उद्गारचिन्ह नाही?"

"नाही."

"कुणी वाचणार नाही," अण्णा म्हणाले. "पण कागद पाठवतो."

ईद जवळ आली, तेव्हा करीमसेठ स्वतः सत्तारभाईंकडे गेले. काय झालं ते सत्तारभाईंनी फोनवर सांगितलं. सेठनी चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि जाताना म्हणाले, "भाई, जरा पाणी द्या प्यायला." चहा झाल्यावर कुणी पाणी मागत नाही. सत्तारभाईंनी बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि दोन्ही हातांनी पेला पुढं केला. सेठनी पाणी प्यायला लई वेळ लावला, म्हणे. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "गोश्त किती सांगू?"

लग्न औशाला झालं. मला आमंत्रण करीमसेठचं होतं, पण दम सत्तारभाईंचा होता: न आल्यास फोटो बंद. मांडवामागं गेले तर नव्या कलईच्या देगा ओळीनं लागलेल्या, चांदीसारख्या चकचकीत. सत्तारभाई एका परातीवर वाकून गोश्ताला दही लावत होते. बाह्या दंडापर्यंत चढवलेल्या. सेठच्या घरची माणसं येत-जात होती आणि प्रत्येक जण जाता जाता परातीत डोकावून बघत होता. सत्तारभाई कुणाकडंच बघत नव्हते. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ दही लावत होते, एवढंच.

मी जेवायला बसले, शेजारच्याच ताटावर करीमसेठ. दर दोन माणसांमागं एक थंड सोड्याची बाटली, हल्ली लग्नात असते तशी. माझ्यासमोरही होती. मी तिला हात लावणार, तेवढ्यात गर्दीतून सत्तारभाई स्वतः आले.

"मॅडम, तुमच्यासाठी न्हाई."

"अहो, मी कुठलीच गोळी घेत नाही."

"असू द्या," ते म्हणाले, आणि पंगतीवरून हात लांब करून त्यांनी बाटली उचलली. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून, करीमसेठच्या ताटावरून, सगळ्यांच्या देखत सावकाश गेला. मनगटापासून दंडापर्यंत उघडा. नायट्याच्या जागी नुसते फिकट डाग उरले होते, आणि नखांत हळद.